मेडिक्लेम सगळ्यांचा... फायदा तुमचा!

ऑफिसचं कार्ड खिशात आहे तोवर आजारपणाचं टेन्शन नाही, असं वाटतं ना? पण नोकरी सुटली की काय? आणि आई-बाबांचं काय? 'सगळ्या देशाचा मिळून एकच सरकारी आरोग्य विमा' हा विषय समाजसेवेचा वाटतो खरा, पण तो चक्क तुमच्या खिशाचा आहे. कसा, ते वाचाच!

वर्षातून एकदा एचआरची ती मेल येते. 'ग्रुप मेडिक्लेम रिन्यूअल. डिपेंडंट्सची माहिती भरा.' आपण ती कशी वाचतो? खरं सांगायचं तर वाचतच नाही. लंचनंतरच्या सुस्तीत नावं टाकायची, जन्मतारखा टाकायच्या, 'सबमिट' दाबायचं आणि चहाला पळायचं. फक्त एका ओळीवर माऊस थबकतो. 'पेरेंट्सना कव्हर हवं असल्यास प्रीमियम पगारातून कापला जाईल.' तो आकडा बघितला की लगेच घराचा हप्ता आठवतो, गाडीचा आठवतो, आणि मग मनात येतं, 'बाबांना तर काहीच होत नाहीये. बघू पुढच्या वर्षी.'

मंडळी, या 'बघू पुढच्या वर्षी'मध्येच आरोग्य विम्याचं सगळं अर्थशास्त्र दडलेलं आहे. ज्याला काही होत नाहीये तो थांबतो आणि ज्याला होतंय तो धावत येतो. मग विमा महाग होतो. तो महाग झाला की आणखी काही जण थांबतात. जगातल्या बऱ्याच देशांनी यावर एकच साधा तोडगा काढला, तो म्हणजे सगळ्यांनाच आत घ्यायचं!

कार्ड कंपनीचं, आजार तुमचा

आधी एक कटू सत्य. ते चकचकीत कार्ड तुमचं नाही, कंपनीचं आहे. आयडी कार्ड आणि लॅपटॉप परत केला की त्याचीही मुदत संपते. म्हणून तर स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, फ्रीलान्सिंग करायचं, वर्षभर ब्रेक घेऊन शिकायचं असा विषय निघाला की घरातून पहिला प्रश्न येतो, 'आणि मेडिक्लेमचं काय?'

अर्थशास्त्रात या अडकण्याला 'जॉब लॉक' म्हणतात. म्हणजे नोकरी आवडत नाही, पण विम्यासाठी सोडवत नाही. ब्रिजिट मॅड्रियन या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९४ मध्ये यावर एक गाजलेला अभ्यास केला. कंपनीच्या विम्यामुळे स्वतःहून नोकरी बदलण्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी घटतं, असं त्यांना दिसलं. आता हा नुसता वैयक्तिक त्रास आहे का? मुळीच नाही. जो माणूस दुसरीकडे जास्त चांगलं काम करू शकला असता, तो त्याच खुर्चीवर बसून राहतो. जी कंपनी सुरू झाली असती, ती होत नाही. नुकसान सगळ्यांचंच!

गंमत म्हणजे नोकरी आणि विमा यांची ही गाठ अमेरिकेत कोणी विचार करून मारलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथल्या सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली. मग माणसं टिकवायची कशी? कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या कायद्याने त्यावरची करसवलत पक्की झाली आणि तात्पुरता जुगाड कायमचा होऊन बसला. एडिसनपासून बे एरियापर्यंत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. एच-वन-बी वर असताना ले-ऑफ झाला, तर नवी नोकरी शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. वर जुना विमा चालू ठेवायचा तर कंपनीच्या वाट्यासकट पूर्ण प्रीमियम स्वतःच्या खिशातून भरायचा. २०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर जीडीपीच्या १७.६ टक्के खर्च केले. इतका खर्च करूनही त्या वर्षी अडीच कोटींहून जास्त लोक विम्याशिवाय होते. थोडक्यात काय, तर पैसा ओतला म्हणजे प्रश्न सुटतोच असं नाही.

शंभर जणांचा फ्लोअर

आता जरा आकडेमोड करू. घाबरू नका, बारावीचं गणित नाही!

समजा तुमच्या फ्लोअरवर १०० जण आहेत. त्यातले ८० जण तुमच्यासारखे तरणेबांड. वर्षभरात त्यांच्यापैकी एखाद्याला हॉस्पिटलमध्ये जावं लागण्याची शक्यता धरू १ टक्का. उरलेले २० जण पन्नाशीच्या पुढचे, कोणाला शुगर, कोणाला बीपी. त्यांची शक्यता धरू १० टक्के. बिल प्रत्येकी ३ लाख. म्हणजे वर्षाचा अपेक्षित खर्च ८ लाख ४० हजार. तो सगळ्यांनी वाटून घेतला तर माणशी ८,४०० रुपये.

इथे एखादा हुशार मुलगा कॅल्क्युलेटर काढतो. 'माझा स्वतःचा धोका १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांचा. मी ८,४०० का भरू?' तो बाहेर पडतो. त्याच्यामागून त्याच्या वयाचे सगळेच बाहेर पडतात. राहिले २० जण आणि ६ लाखांचा खर्च. आता माणशी किती? ३०,००० रुपये! त्या २० जणांमधले जरा धडधाकट असलेलेही मग कलटी मारतात. शेवटी उरतात फक्त आजारी माणसं, आणि त्यांना परवडेल असा विमा कोणी विकतच नाही.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये सेकंडहॅंड गाड्यांच्या बाजारावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. पासष्टीच्या पुढच्या माणसांना आरोग्य विमा मिळणं इतकं अवघड का असतं, हे उदाहरण त्याच लेखात आहे. या कामासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडे वेगळं काय घडलं? १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, जाहिराती आल्या. पण वय वाढलं की प्रीमियम वाढतो, आधीचा आजार असला की थांबण्याचा काळ येतो. कंपन्या दुष्ट आहेत म्हणून हे होत नाही. माणसं एकेकटी येऊन विमा घेतात तेव्हा प्रत्येकाच्या धोक्याची वेगळी किंमत लावण्यावाचून कंपनीला गत्यंतर नसतं.

आणि त्या कॅल्क्युलेटरवाल्या हुशार मुलाचं काय? वीस वर्षांनी तो स्वतःच त्या २० जणांत जाऊन बसलेला असतो. त्याची आई तर आजच तिथे आहे!

बाइकचा थर्ड पार्टी इन्शुरन्स आपण सगळे काढतो. 'मी तर नीट चालवतो, मी कशाला भरू?' असं म्हणायची सोयच नाही, कारण कायदा आहे. म्हणूनच तो विमा चालतो. बाइकला जो न्याय लावतो, तो शरीराला का नाही?

शंभर रुपयांतले किती?

दुसरा मुद्दा खर्चाचा. नुसता आरोग्य विमाच विकणाऱ्या आपल्याकडच्या खासगी कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये प्रीमियमच्या दर १०० रुपयांमागे साधारण ६५ रुपये क्लेमपोटी दिले. बाकीचे गेले कुठे? एजंटचं कमिशन, जाहिराती, क्लेम तपासणारी माणसं, ऑफिसं आणि नफा. अमेरिकेतसुद्धा २०१० च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांना प्रीमियमचे किमान ८० ते ८५ टक्के उपचारांवर आणि त्यांच्या दर्जावर खर्च करावे लागतात.

तैवानने १९९५ मध्ये वेगवेगळे विमे मोडीत काढून सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय विमा सुरू केला. तिथे कारभाराचा खर्च २ टक्क्यांच्याही आत राहतो. यात जादू नाही. सगळे आपोआप सभासद, म्हणजे गिऱ्हाईक शोधायला नको. नियम एकच, म्हणजे बारीक अक्षरं नकोत. आणि सगळ्या देशाच्या वतीने एकच जण भाव करणार, म्हणजे हॉस्पिटल आणि औषध कंपन्यांपुढे वट! मंडईत आपण एकटे पाव किलो भाजी घेतो तेव्हा भाव विक्रेता सांगतो. अख्ख्या सोसायटीची भाजी एकदम घेतली, की भाव आपण सांगतो.

तीस बाटची कमाल

'तैवान श्रीमंत आहे हो, आपल्याला कसं जमणार?' बरोबर. म्हणून बॅंकॉकला चला. शॉपिंगला नाही, हॉस्पिटल बघायला!

१९९७ च्या आर्थिक संकटाने थायलंडचं कंबरडं मोडलं होतं. २००१ मध्ये तिथलं दरडोई उत्पन्न वर्षाला १,९०० डॉलरच्या आसपास होतं. सरकारी नोकरांना वेगळी योजना, खासगी नोकरदारांना वेगळी, गरिबांना तिसरी. बाकीच्यांसाठी पैसे भरून घ्यायचं ऐच्छिक हेल्थ कार्ड होतं, पण ते आजारी माणसंच जास्त घेत. आपला शंभर जणांचा फ्लोअर आठवला ना? तसंच! सुमारे ३० टक्के लोकांकडे तर काहीच नव्हतं.

मग आली '३० बाट' योजना. डॉक्टरकडे एका वेळी द्यायचे फक्त ३० बाट, तेव्हाच्या हिशोबाने तीसेक रुपये! २००१ मध्ये सुरुवात झाली, २००२ मध्ये कायदा झाला आणि आधी कुठल्याच योजनेत नसलेला प्रत्येक जण आत आला. या योजनेचा पाया सांगुआन नित्यारम्पोंग या डॉक्टरने वर्षानुवर्षं खपून घातला होता आणि थाकसिन शिनावात्रा यांच्या पक्षाने निवडणुकीत तिचं आश्वासन दिलं होतं. पैसा आला सरळ करांमधून.

खरी हुशारी पैसे वाटण्याच्या पद्धतीत होती. ओपीडीच्या उपचारांसाठी आपल्या भागात जितकी माणसं नोंदलेली, तितक्या माणसांचे ठरावीक पैसे तिथल्या दवाखान्याला आणि हॉस्पिटलला वर्षभरासाठी मिळतात. माणूस कितीदा आला त्यावर नाही. त्यामुळे उगाच टेस्ट लावण्यात त्यांचा फायदा नाही, माणूस निरोगी राहण्यात आहे. अॅडमिट झालेल्यांसाठी आजारानुसार ठरलेला दर आणि वर एकूण बजेटची मर्यादा. २००८ पासून डायलिसिसही योजनेत आलं.

रिझल्ट काय? २००० मध्ये थाई लोक एकूण आरोग्यखर्चाचा साधारण एक-तृतीयांश भाग स्वतःच्या खिशातून भरत होते. पुढे तो १० टक्क्यांच्या आसपास आला. ग्रुबर, हेंड्रेन आणि टाउनसेंड या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की योजनेनंतर गरीब भागातले लोक दवाखान्यात जास्त जाऊ लागले आणि तिथला बालमृत्यूदर घटला. आणि देश कर्जबाजारी झाला का? थायलंडचा एकूण आरोग्यखर्च आजही जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहे.

आणि आपल्याकडे?

ही कल्पना आपल्याकडे नवी आहे असं समजू नका. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व १९४६ मध्येच एका सरकारी अहवालात मांडलं गेलं होतं. त्या समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. हे साहेब जन्माने नाशिकचे आणि शिकले पुण्यात, डेक्कन कॉलेजात!

नंतर आपण तुकड्या-तुकड्यांनी पुढे गेलो. १९५२ मध्ये कामगारांसाठी ईएसआय सुरू झाली, १९५४ मध्ये केंद्र सरकारी नोकरांसाठी सीजीएचएस. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. या सगळ्यांच्या मधल्या फटीत कोण पडलं? नीती आयोगाने २०२१ मध्ये त्यांना 'मिसिंग मिडल' म्हटलं. गरिबांच्या यादीत बसत नाहीत आणि स्वतः विमा घेत नाहीत किंवा घेऊ शकत नाहीत, अशी देशातली ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसं. तुमच्या सोसायटीचा किराणावाला, क्लास चालवणारे सर, रिक्षावाले काका... आणि नोकरी सोडलेले तुम्ही!

गोव्याने २०१६ मध्येच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना काढली. त्यात उत्पन्नाची अट नाही, राज्यात पाच वर्षं राहिलेल्या कुणालाही कार्ड. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये निर्णय घेतला आणि जुलै २०२४ पासून फुले योजना पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांसकट सगळ्यांना खुली केली. दर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत! कागदावर बघितलं तर आपण 'सगळ्यांना विमा' या गावाला पोचलोसुद्धा.

मग अडतं कुठे? एक म्हणजे या योजना माणूस अॅडमिट झाल्यावरच जाग्या होतात. पण खिसा रिकामा होतो तो दर महिन्याच्या गोळ्यांनी, टेस्टनी आणि डॉक्टरच्या फीने. २०११-१२ च्या आकडेवारीवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आजारपणाच्या खर्चामुळे एका वर्षात साडेपाच कोटी भारतीय दारिद्र्यरेषेखाली ढकलले गेले. त्यातले ३ कोटी ८० लाख नुसत्या औषधांच्या खर्चामुळे! बीपीची गोळी परवडत नाही म्हणून बंद करायची आणि पुढे स्ट्रोक आला की लाखांचं बिल सरकारने द्यायचं, हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. दुसरं म्हणजे योजनेत यायचं की नाही, हे खासगी हॉस्पिटल स्वतः ठरवतं. पॅकेजचा दर परवडला नाही, तर ते बाहेरच राहतं. विमा म्हणजे हॉस्पिटल नव्हे. कार्ड हातात आहे आणि जवळपास बेडच नाही, तर त्या कार्डाचा पंखा करून वारा घ्यायचा!

'पण माझा टॅक्स...'

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. फुकट मिळालं की लोक उधळपट्टी करणार नाहीत का? थोडी करतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात रॅंड संस्थेने हजारो माणसांवर मोठा प्रयोग केला. ज्यांना सगळं मोफत होतं, त्यांनी उपचार बरेच जास्त घेतले आणि बहुतेकांच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. पण गरीब आणि आधीपासून बीपी असलेल्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला. म्हणून दवाखान्यांना पैसे कसे द्यायचे, हे थायलंडसारखं शहाणपणाने ठरवावं लागतं. रांगांचा प्रश्नही खोटा नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार मोफत आहेत, आणि ऑपरेशनसाठीच्या तिथल्या रांगा जगजाहीर आहेत. पैसा आखडता घेतला की रांग लांबते. तेव्हा नुसता कायदा करून भागत नाही.

आता बिल बघू. २०२१-२२ च्या सरकारी हिशोबानुसार भारताचा एकूण आरोग्यखर्च जीडीपीच्या ३.८३ टक्के. त्यातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. (२००४-०५ मध्ये हाच वाटा ६९.४ टक्के होता, तेव्हा सुधारणा नक्कीच आहे.) आता गुणाकार करा. लोकांच्या खिशातून गेलेले पैसे होतात जीडीपीच्या साधारण दीड टक्का. सरकारचा स्वतःचा खर्च होता १.८४ टक्के. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंतचं उद्दिष्ट होतं २.५ टक्के.

हा दीड टक्का म्हणजे काही नवा खर्च नाही. तो आजही होतोच आहे! फरक इतकाच, की आज तो आजारी पडलेल्या माणसाकडून, त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी, मेडिकलच्या काउंटरवर रोख वसूल केला जातो. सगळे आत आले की उपचार घेणारे वाढतील, म्हणजे खर्चही थोडा वाढेल, हे मान्य. पण कारभाराचा खर्च घटेल, औषधांचा भाव पाडून घेता येईल आणि वेळेवर गोळी मिळाल्याने पुढची मोठी बिलं टळतील. तुम्ही भरणार तर आहातच. निरोगी असताना थोडे-थोडे भरायचे, की आयसीयूच्या दारात एकदम, एवढंच काय ते ठरवायचं आहे.

तोवर एवढं कराच!

• महाराष्ट्रात राहत असाल तर फुले योजनेत तुमच्या जवळची कोणती हॉस्पिटलं आहेत, ते आत्ताच बघून ठेवा. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात ना, तेही बघा.

• आई-बाबा, आजी-आजोबा ७० च्या पुढे आहेत? ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये त्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. त्यांचं 'वय वंदना' कार्ड काढून घ्या.

• नोकरी सोडताय? शेवटच्या दिवसाआधी ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते विचारा. थांबण्याचा जो काळ भरून झालाय, तो वाया जाऊ देऊ नका.

• २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. रिन्यूअलच्या बिलात तो लावलेला नाही ना, ते तपासा.

• आणि शेवटचं. मतं मागायला कोणी दारात आलं, तर रस्ते आणि पार्किंगच्या जोडीने एक प्रश्न नक्की टाका. 'गोळ्या आणि ओपीडी योजनेत कधी आणताय?' थायलंडमध्ये हा निवडणुकीचा मुद्दा झाला, तेव्हाच तो कायदा झाला!